कोटेशनवर सही करण्याआधी

चि. भाचेबुवांस,


तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं वेबसाइटचं कोटेशन मामाने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. पहिल्या पानावर हस्तांदोलन करणाऱ्या दोन गोऱ्या हातांचा फोटो आहे. आत आलेख आहेत, रॉकेट आहे, चप्पल मात्र कुठेच नाही. कोटेशन देणारा पोरगा हुशार असेल, पण दाजींच्या कोल्हापुरी चपलांच्या दुकानाची पायरी तो चढलेला नाही, हे कळायला फार वाचावं लागत नाही.

सगळ्यात जाड टाइपातली ओळ आहे ‘गूगलच्या पहिल्या क्रमांकाची हमी’. तिच्यावर आधी काट मार. असा क्रमांक कोणीही हमीने देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनेच वेबसाइटवाल्यांसाठीच्या सूचनांमध्ये लिहून ठेवलं आहे. गूगलच्या नकाशात कोणतं दुकान वर दिसणार ते तीन गोष्टींवर ठरतं: शोधणाऱ्याला जे हवं ते दुकानात आहे का, दुकान त्याच्यापासून किती लांब आहे आणि दुकानाचं नाव किती आहे. तिथे पैसे भरून वर सरकता येत नाही. जाहिरात वेगळी, तिच्यावर ती जाहिरात असल्याचं लिहिलेलं असतं.

पण वेबसाइट हवी, यात मामाला शंका नाही. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाचे मॉडेल अंगठ्याच्या चपला घालून चालले आणि कोल्हापूरचं नाव कंपनीने कुठेच घेतलं नाही. गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, मग प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं कंपनीने मान्य केलं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबरात आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या दोन सरकारी महामंडळांशी त्यांचा करार झाला. हे सगळं पेपरात येऊन गेलं. जे आलं नाही ते असं, की त्या दिवसांत कोल्हापुरी कधी पायात न घातलेली माणसंही फोनवर तिचं नाव शोधत होती आणि त्यांना दाजींचं दुकान सापडायची काहीच सोय नव्हती. कोल्हापूरच्या सुभाषनगरात शिवलेली चप्पल दुसऱ्याच शहरातल्या व्यापाऱ्याच्या पानावर विकली जाते, आणि ती शिवणाऱ्याचं नाव तिथेही नसतंच. प्राडावर चिडायला सगळे पुढे आले. हे रोजचं आहे, म्हणून यावर कोणी चिडत नाही.

आता कोटेशनमधली सगळ्यात बारीक ओळ वाच: ‘डोमेन व होस्टिंग समाविष्ट’. खरी गोम इथे आहे. डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या डॉट इनवाल्या नावाचा, वर्षाचा खर्च हजाराच्या आतबाहेर असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. लक्ष द्यायचं ते खर्चाकडे नाही, ते नाव कोणाच्या खात्यावर नोंदलं जातं त्याकडे. बहुतेक वेळा वेबसाइट करणारा पोरगा आपल्याच ईमेलवर नोंदणी करून टाकतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं, त्याला ते सोपं पडतं एवढंच. पुढे त्याला बंगळुरूला नोकरी लागते, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहते, मुदत उलटते आणि एका सकाळी दुकानाचं नाव बाजारात मोकळं सुटतं. ते मग कोणीही घेऊ शकतो. म्हणून नोंदणी दाजींच्या नावावर, दाजींच्या ईमेलवर, दाजींच्या मोबाइलवर ओटीपी येईल अशी करायची. होस्टिंगचंही तसंच. पोरग्याला कामापुरता प्रवेश दे, किल्ली देऊ नकोस.

‘इन्स्टाग्राम आहेच की फुकट,’ असं तू म्हणालास. आहे, आणि ते ठेवच. पण तो भाड्याचा गाळा आहे. २९ जून २०२०ला भारतात टिकटॉक बंद झालं, तेव्हा तिथे लाखांनी प्रेक्षक मिळवलेल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदमच सहा तासांच्या आसपास आडवे झाले. याहून शिकण्यासारखी गोष्ट गूगलची. दुकानाच्या प्रोफाइलमधूनच एक फुकट, सुटसुटीत वेबसाइट करून द्यायची सोय त्यांनी ठेवली होती. मार्च २०२४ मध्ये ती बंद केली. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला १० जूनपर्यंत प्रोफाइलकडे वळवलं, नंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता पिशव्यांवर छापून घेतला होता, त्यांच्याकडे पिशव्या उरल्या.

मग वेबसाइटवर असावं काय? कोटेशनमधलं ‘आमच्याविषयी’, ‘आमचं ध्येय’, ‘आमची दृष्टी’ हे कोणी वाचत नाही. गिऱ्हाईक दाजींना काउंटरवर जे विचारतं, तेवढंच लिही. कॅनडातल्या ओटावात टोबियस ल्युट्के नावाच्या माणसाला स्नोबोर्ड विकायचे होते. बाजारात मिळणारी दुकानाची सॉफ्टवेअरं त्याला पटेनात, म्हणून २००४ मध्ये त्याने स्वतःच आपल्या दुकानापुरतं लिहिलं. त्यातूनच २००६ मध्ये शॉपिफाय हे ऑनलाइन दुकानांचं सॉफ्टवेअर निघालं. त्याला जमलं, कारण माल विकताना अडतं कुठे हे त्याला गल्ल्यावर बसून कळलं होतं.

कोल्हापुरीत अडतं ते मापावर. गिऱ्हाईक ‘आठ नंबर’ म्हणतं. पण भारतातला आठ, अमेरिकेतला आठ आणि बेचाळीस म्हणणारा युरोप यांचं एकमेकांशी जुळत नाही. त्यात ही चप्पल बुटासारखी पाय झाकून घेत नाही. सगळा पाय अंगठ्यावर आणि पट्ट्यावर तोललेला असतो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं पहिले काही दिवस चावतं, मग पायाप्रमाणे सैलावतं. त्यामुळे घेताना किंचित आवळच घ्यावी लागते. दुकानात दाजी पायाकडे एक नजर टाकतात आणि आतून बरोबर जोड काढून आणतात. पुण्यातल्या किंवा टोरांटोतल्या माणसाच्या पायाकडे बघायला दाजी नाहीत, आणि तिथेच जोड परत येतो. परत आलेल्या जोडाचं जाण्याचंही भाडं गेलं, येण्याचंही गेलं, वर खोक्याचा चेंदामेंदा. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलीस तर दारात ‘नको’ म्हणणारेही भेटतील, त्यांचंही भाडं दुकानाच्याच बोकांडी.

म्हणून वेबसाइटवरचं सगळ्यात जास्त मेहनतीचं पान मापाचं कर. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, टाच भिंतीला टेकवून कागदावर अनवाणी उभं राहायचं. पूर्ण भार पायावर. दुसऱ्या कोणीतरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ मारायची. तिरकी धरली की माप चुकलं. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये, मग टेपने पंजाचा घेर. दोन्ही पाय मोजायचे, मोठा तो धरायचा. तो कागद पट्टीसकट फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. या प्रत्येक पायरीचा फोटो दाजींच्याच दुकानात काढ. पाय तुझाच चालेल, फक्त धू. आणि पंजा रुंद असेल तर कोणता प्रकार घ्यावा, कापशी कोणाला बसते, कानवाली कोणाला, हे दाजींच्या तोंडून ऐकून त्यांच्याच भाषेत लिही. असं पान कोटेशनमधल्या पोरग्याला लिहिता येणार नाही, आणि त्याचा दोषही नाही.

फोटो खिडकीच्या उजेडात काढ, फ्लॅश नको. वरून एक, तळाचे थर दिसतील असा बाजूचा एक, वेणीचा जवळून एक, पायात घातलेला एक. फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. तसाच चढवलास तर गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाईल. दोनशे केबीच्या आत आणून चढव. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे फुकटचं साधन कुठे जड होतंय ते दाखवतं, पण त्याआधी दाजींच्या जुन्या फोनवर, वायफाय बंद करून, एकदा उघडून बघ.

‘ओरिजनल कशी ओळखायची?’ यालाही एक पान दे. पावसात घालू नये, भिजली तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी, हे त्याच पानावर. कोल्हापुरी चपलेचं जीआय (भौगोलिक) मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून आहे. ते चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्याशिवाय वेबसाइटवर लावायचं नाही. २०२५ मध्ये लिडकॉमने बनावट माल ओळखता यावा म्हणून क्यूआर कोडही आणला, त्याची चौकशी करून ये. जीएसटीचं सीएला विचार, मामाला नको.

जाहिरातीचं सांगायला फारसं नाही. गूगलवरचं दुकानाचं प्रोफाइल फुकट आहे. वेळ, सुट्टीचा वार, खरे फोटो भरून ठेव. समाधानी गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे अभिप्राय लिहायला सांग, पण विकत घेऊ नकोस. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या फुकट अ‍ॅपात एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, आणि निरोप पोचतो फक्त दुकानाचा नंबर सेव्ह केलेल्यांना. म्हणजे बिल देताना ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ म्हणणं हाच मार्केटिंगचा निम्मा भाग. इन्स्टाग्रामचं ‘बूस्ट’ बटण मापाचं पान तयार होईपर्यंत दाबू नकोस. त्याने नुसती बघ्यांची गर्दी येते आणि ती ‘प्राइस प्लीज’ लिहून पुढे जाते. भाव मोकळेपणाने पानावरच लिही. भाव लपवला की गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्या तोंडाकडे बघून सांगणार. आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला ‘आमचं कुठून कळलं?’ हे विचारून वहीत लिहीत जा. महिन्याच्या शेवटी त्या पोरग्याच्या रंगीत रिपोर्टाशेजारी ती वही ठेव.

पोरग्याला एकदम उडवून लावू नकोस. त्याला एक दिवस दुकानात बसव, निदान शनिवारची गर्दी बघू दे. मग नवं कोटेशन माग: चार पानं, डोमेन दाजींच्या नावे, दरवर्षीचा खर्च वेगळा लिहून, आणि काम सोडताना सगळे पासवर्ड हातात देईन असं लेखी. माप चुकल्यावर बदलून द्यायचं भाडं कोणाचं, हे अजून ठरलेलं दिसत नाही. दाजी ‘गिऱ्हाइकाचं’ म्हणतील, मामा म्हणेल पहिल्या वेळी दुकानाचं. ते दाजींशी बसून ठरव आणि मग मापाच्या पानाखाली ठळक लिही.

ताईला व दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा