गोठलेलं तळं सगळ्यांचं, मग रांग कुणी लावायची?



नागरिकशास्त्रात 'सार्वजनिक मालमत्ता' शिकवताना एक प्रश्न हमखास येतो, "सर, सगळ्यांचं म्हणजे नक्की कुणाचं?" मुलं तो गंमतीने विचारतात, पण प्रश्न खरा आहे. आपण सांगतो, "आपल्या सर्वांचं, म्हणून जपायचं." मुलं माना डोलावतात आणि मधल्या सुट्टीत नळ उघडा टाकून पळतात. या प्रश्नाचं जरा बरं उत्तर मला वर्गापासून फार लांब, बर्फावर मिळालं. तेच आज तुमच्यासमोर मांडतोय.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहतो. एका जानेवारीत मी त्याच्याकडे होतो. त्याच्या शेजारचे निवृत्त आजोबा हिवाळाभर गोठलेल्या तळ्यांवर मासे धरायला जातात. आम्हा भावांनाही ते दोन-तीनदा घेऊन गेले. मासे किती मिळाले ते विचारू नका! शिकायला मात्र भरपूर मिळालं.

आधी थोडं विज्ञान

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. त्याहून थंड झालेलं पाणी हलकं होऊन वर येतं आणि वरूनच गोठायला लागतं. बर्फ पाण्यावर तरंगतो, त्यामुळे खाली पाणी राहतं आणि त्यात मासे जिवंत राहतात. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. डिसेंबरापासून त्यांतली बहुतेक गोठतात आणि लोक त्यांवर चालत जाऊन, बर्फाला भोक पाडून गळ टाकतात.

बर्फ पोखरायला ऑगर नावाचं मोठ्या गिरमिटासारखं यंत्र असतं. भोक साधारण आठ-दहा इंच रुंदीचं. त्यात साचणारा बर्फाचा चुरा काढायला लांब दांड्याचा झारा. अगदी आपल्या भजी तळायच्या झाऱ्यासारखा! थंडीपासून आडोसा म्हणून तंबू किंवा चाकांवरची लाकडी खोली. आत शेगडी, बसायला स्टूल. मिल लॅक्ससारख्या ५०० चौरस किलोमीटरहून मोठ्या तळ्यावर अशा खोल्यांची वस्तीच उभी राहते आणि मार्चमध्ये ती पूर्ण उठते.

चालायला निदान ४ इंच जाडीचा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ हवा, असं तिथलं राज्याचं खातं सांगतं. गाडी न्यायची तर त्याच्या दुपटी-तिपटीने जाड. पांढरा, बर्फवृष्टीचा थर मिसळलेला बर्फ कमकुवत असतो. आजोबा हातात लोखंडी पहार घेऊन पुढे चालायचे आणि दर काही पावलांवर ठोकून बघायचे. गळ्यात दोन टोकदार सुया अडकवलेल्या. पाण्यात पडलंच तर त्या बर्फात रोवून वर सरकायचं. त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याही गळ्यात अडकवल्या.

तळं सगळ्यांचं, पण वाट?

आता मूळ मुद्दा. तिथे तळ्याचं पाणी सार्वजनिक आहे. काठावर कुणाचं घर असलं तरी घरासमोरचा बर्फ घरमालकाचा नसतो. पण काठाची जमीन खाजगी असते. परवानगीशिवाय कुणाच्या अंगणातून तळ्यावर उतरता येत नाही. म्हणून ठिकठिकाणी सरकारी उतार ठेवलेले असतात. तिथून कुणीही फुकट उतरावं.

मात्र मोठ्या तळ्यावर नुसतं उतरून भागत नाही. चांगली जागा दोन-चार मैल आत असते आणि मध्ये गुडघाभर हिम. काठावरचे रिसॉर्टवाले यंत्रांनी हिम बाजूला सारून बर्फावर रस्ता करतात. भेगा पडतात तिथे हलवता येणारे पूल टाकतात, रोज जाडी मोजतात, धोका दिसला की रस्ता बंद करतात. त्या रस्त्याने गाडी न्यायची तर पैसे द्यावे लागतात.

मी लगेच म्हटलं, "तळं सार्वजनिक आणि रस्त्याला पैसे? हे कसं?" आजोबा म्हणाले, पैसे तळ्याचे नाहीत, कष्टाचे आहेत. सरकारी उतारावरून घसरगाडी ओढत चालत जा, कुणी अडवणार नाही. पण दुसऱ्याने मोकळ्या केलेल्या वाटेने जायचं आणि त्याला टाळायचं, हे बरं नाही.

मित्रांनो, हा फरक मला फार मोलाचा वाटतो. जागेवरचा हक्क वेगळा आणि त्या जागेसाठी कुणी केलेल्या कष्टांची जाण वेगळी. शाळेचं मैदान सगळ्यांचं, पण सकाळी त्यावर पाणी मारणारे मामा कुणीतरी असतातच ना?

लिहिलेले नियम

काही गोष्टी कायद्यातच आहेत. मासेमारीचा परवाना लागतो. पाहुण्यांसाठी चोवीस तासांचाही मिळतो, मी तोच घेतला होता. बर्फातून एका माणसाने दोनच गळ टाकायचे. खोली आधीच्या खोलीपासून दहा फुटांच्या आत मांडायची नाही. रात्री बर्फावर सोडलेल्या खोलीवर प्रकाश परतवणारी पट्टी हवी, म्हणजे अंधारात कुणी धडकणार नाही. मार्चमध्ये ठरलेल्या तारखेपर्यंत खोल्या हलवायच्याच. राज्याच्या दक्षिण भागात आधी, उत्तरेत दोन आठवड्यांनी. २०२३ पासून बर्फावर कचरा टाकण्याविरुद्ध वेगळा कायदाही आला. बर्फावर टाकलेलं सगळं वसंतात तळ्यातच जातं, हे कारण मुलांनाही चटकन पटतं.

न लिहिलेले नियम

पण खरा कारभार चालतो तो न लिहिलेल्या नियमांवर. आजोबांकडून कळलेले थोडे सांगतो.

कायदा दहा फूट म्हणतो, पण मोकळं तळं पसरलेलं असताना कुणाच्या दहा फुटांवर जाऊन बसणं हा उद्धटपणा. ऑगरच्या आवाजाने मासे बिथरतात, म्हणून कुणी शांत बसलं असेल तर त्याच्या शेजारी भोक पाडायचं नाही. अगदी जवळ यायचंच असेल तर आधी विचारायचं. "मासे लागतायत का?" हे विचारलेलं चालतं. "नेमके कुठे लागले?" हे विचारायचं नाही, त्याने आपणहून सांगितलं तर ऐकायचं.

उतारावर गाडी उभी करून सामान लावत बसायचं नाही, मागे रांग लागते. बाजूला घेऊन सामान लावायचं आणि मग उतरायचं. बर्फावरच्या रस्त्यात भोक पाडायचं नाही. गाडी सावकाश चालवायची. वेगाने चाललेल्या गाडीखाली पाण्यात लाट उठते आणि ती पुढे दुसऱ्याच्या पायाखालचा बर्फ फोडू शकते. आपण निघताना मोठं भोक मागे राहिलं तर त्यावर फांदी रोवायची. रात्री त्यावर पातळ पापुद्रा धरतो, वर हिम पडतं आणि सकाळी येणाऱ्या पोराला ते दिसत नाही. कुणाची गाडी रुतली तर आपला गळ सोडून धक्का द्यायला जायचं.

यातला प्रत्येक नियम नीट बघा. वरवर रीतभात वाटते, पण खाली जीव आहे. २०२३ च्या डिसेंबरअखेरीस तिथल्या अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभराहून जास्त माणसं पलीकडे अडकली. सगळी वाचली. बर्फावर एकाचा निष्काळजीपणा हा त्याच्या एकट्याचा राहत नाही.

नवख्याने काय करायचं?

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण मला एक गोष्ट टोचत राहिली. हे नियम कुणालाच लिहून दिलेले नाहीत. ज्याचा आजा-बाप बर्फावर बसला, त्याला ते आपोआप येतात. बाकीच्यांचं काय?

सेंट पॉल शहरात ह्मोंग समाज मोठा आहे. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आलेली ही कुटुंबं. त्यांच्यात मासेमारीची आवड आहे, पण गोठलेलं तळं त्यांच्या पूर्वजांनी पाहिलेलं नव्हतं. राज्याने मासेमारीचे कायदे ह्मोंग आणि स्पॅनिश भाषांतही छापले. चांगलंच झालं. पण न लिहिलेल्या नियमाचं भाषांतर कोण करणार?

एकदा एक कुटुंब आमच्या बरंच जवळ येऊन भोक पाडायला लागलं. सोबत दोन लहान मुलं. पलीकडच्या तंबूतले दोघे त्यांच्याकडे रोखून बघत राहिले, बोलले काहीच नाहीत. ते कुटुंब अवघडलं. आपलं काहीतरी चुकतंय एवढं त्यांना कळलं, पण काय ते कळेना. आजोबा उठले, त्यांच्याकडे गेले, हात मिळवला. बर्फ किती जाड आहे ते सांगितलं. जरा पुढे जागा चांगली आहे म्हणून दाखवली आणि स्वतःचा ऑगर घेऊन तिथे त्यांना दोन भोकं पाडून दिली. परत येऊन एवढंच म्हणाले, की मलाही हे कुणीतरी सांगितलंच होतं.

नियम तोच होता, 'फार जवळ बसू नका.' रोखून बघणाऱ्यांनी त्याचं कुंपण केलं. आजोबांनी त्याच नियमाने त्या कुटुंबाला आत घेतलं.

आपल्या शाळेचा बर्फ

आता आपल्याकडे वळू. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर आलेलं मूल ऐन डिसेंबरात वर्गात येऊन बसतं. शाळेचे लिहिलेले नियम फळ्यावर असतात. पण नळावर रांग वर्गवार लागते, खिचडी वाढताना ताट कुठे धरायचं, कुठल्या सरांना काय म्हणायचं, हे कुठे लिहिलंय? मी पाहिलेला असा एक मुलगा तीन दिवस दुपारी पाणीच प्यायला नाही. पहिल्या दिवशी नळावर कुणीतरी "तुझी रांग ही नाही" म्हणालं आणि तो मागे फिरला. चौथीतल्या एका मुलीच्या हे लक्षात आलं. तिने त्याला हाताला धरून रांगेत आपल्यापुढे उभं केलं. तो त्या वर्षी हंगाम संपेपर्यंत शाळेत टिकला. असं बोट धरणारं कुणी भेटत नाही, ती मुलं आठ दिवसांत दिसेनाशी होतात आणि आपण हजेरीत 'स्थलांतरित' लिहून मोकळे होतो.

पालकसभेतही तेच. पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेली आई दाराशीच उभी राहते. बसायचं कुठे, बोलायचं कधी, तिला कुणी सांगितलेलं नसतं. मग आपण म्हणतो, "पालकांना आस्थाच नाही."

वर्गात करून पाहा

१. मुलांचे गट करा. 'आपल्या शाळेतले कुठेच न लिहिलेले दहा नियम' शोधायला सांगा. यादी वाचून आपणही चकित व्हाल.

२. प्रत्येक नियमापुढे 'का?' लिहायला लावा. कारण सापडलं नाही तर तो नियम हवाच का, यावर चर्चा घ्या. काही नियम फक्त जुन्यांच्या सोयीचे निघतील.

३. उरलेले नियम मुलांच्याच भाषेत, चित्रांसह एका कागदावर लिहा. नवीन मूल आलं की एक विद्यार्थी 'सोबती' म्हणून ते त्याला समजावेल. शक्य असेल तर त्याच्या घरच्या बोलीत.

४. पालकांसाठी असाच एक छोटा कागद तयार करा. घरीही एक काम द्या. इमारतीतला जिना, गावातला पाणवठा, एसटीची रांग यांतला एकेक न लिहिलेला नियम आई-बाबांना विचारून आणायचा.

पालकहो, घरी मुलांना शिस्त शिकवताना एक जोड द्या. "रांग मोडू नको" हे सांगाच. पण रांग कुठून सुरू होते हे ज्याला माहीत नाही, त्याला ती दाखवायचं कामही तुझंच आहे, हेही सांगा.