लेव्हल २४ ची दुबार पेरणी

२०२० च्या मार्चमध्ये पुण्याहून राणीसावरगावला आलो, तेव्हा चार दिवसांसाठी आलोय असंच वाटत होतं. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होती. पुस्तकं पुण्यातल्या खोलीवरच ठेवली, लॅपटॉप तेवढा घेतला. मग परीक्षा पुढे गेली. पुन्हा पुढे गेली. आणि मी आमच्या माळवदावर बसून एका बैलाला मोठं करायला लागलो.

गेम होता वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. मूळ गेम २००४ चा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याचं जुनं रूप ‘क्लासिक’ या नावाने परत आलं आणि माझा रूममेट त्यात बुडाला. लॉकडाऊनमध्ये त्याने मलाही ओढलं. महिन्याला १५ डॉलरच्या आसपास पैसे भरावे लागतात. माझे पुण्यातल्या मेसचे पैसे वाचत होते, त्यातून भरले. हे अण्णांना अजून सांगितलेलं नाही. भारतात या गेमचा सर्व्हर नाही, म्हणून युरोपातल्या सर्व्हरवर खेळायचो. रेंज फक्त माळवदावर यायची. मी पंजा मारला की तो समोरच्याला लागेपर्यंत मधे एक घोट चहा घेता यायचा. (थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.)

मी ड्रुइड घेतला, म्हणजे रूप बदलणारा. लेव्हल १० ला तो अस्वल होतो, १६ ला पाण्यात पोहणारा प्राणी, २० ला मांजर. मांजर नावालाच, दिसायला सिंह. क्लासिकमध्ये ड्रुइड व्हायचं तर जमाती दोनच, नाइट एल्फ किंवा टाऊरेन. टाऊरेन बैलाच्या तोंडाचे असतात. गोठ्यासमोर वाढलेल्या पोराने दुसरं काय घ्यावं?

एका संध्याकाळी अण्णा वर आले. स्क्रीनकडे बघत म्हणाले, “बैल हाय का रे ते?”

“हो अण्णा.”

“मग दोन पायावर कामून चाललाय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून त्यांचा रोजचा प्रश्न एकच असायचा: बैल कितवीला गेला?

आता खरा घोळ सांगतो. लेव्हल १० पासून प्रत्येक लेव्हलला एक टॅलेंट पॉइंट मिळतो. ६० पर्यंत एकूण ५१. ड्रुइडपुढे तीन झाडं असतात. बॅलन्स म्हणजे लांबून मंत्र मारणं, फेरल म्हणजे जनावर होऊन लढणं, रेस्टोरेशन म्हणजे जखमा भरणं. एका झाडात ५ पॉइंट टाकले की त्याची दुसरी ओळ उघडते, १० ला तिसरी, १५ ला चौथी. चांगल्या गोष्टी अर्थातच खाली असतात.

मी काय केलं? मंत्र लवकर मारता यावेत म्हणून ५ बॅलन्समध्ये. सोबत्यांना द्यायचा आशीर्वाद जास्त जोरदार व्हावा म्हणून ५ रेस्टोरेशनमध्ये. अस्वलाला आणि मांजराला कमी दमात हल्ला करता यावा म्हणून ५ फेरलमध्ये. लेव्हल २४ ला माझे १५ पॉइंट असे बसले होते: पाच, पाच, पाच. तिन्ही झाडांची दुसरी ओळ नुसती उघडलेली आणि तिच्यात एक पॉइंट नाही. आई याला म्हणते एक ना धड, भाराभर चिंध्या.

हे मला गेममध्ये पटकन दिसलं. बाहेर दिसायला वेळ लागला, कारण बाहेर मी हेच तीन वर्षं करत होतो. राज्यसेवा करत होतो, पण बँकेचे फॉर्मही भरत होतो. कृषी सहायकाची जागा निघाली तर हातची जायला नको, म्हणून त्याचेही प्रश्नसंच आणले होते. बी.एड. करून ठेवू का, असं दर दिवाळीला वाटायचं. पुण्यात माझ्यासारखी पोरं अभ्यासिकेच्या प्रत्येक ओळीत असतात. आम्ही याला ‘प्लॅन बी’ म्हणायचो.

लेव्हल २४ ला मी बॅरन्समध्ये होतो. पिवळ्या गवताचा, उन्हाने भाजलेला माळ. आमच्याकडच्या एप्रिलमधल्या माळासारखाच, फक्त तिथे जिराफ आणि झेब्रे. मंत्र मारायला माना लागतो. दोन जनावरं मारली की माझा माना संपायचा आणि बैल मांडी घालून पाणी प्यायला बसायचा. उठला की दोन जनावरं, परत पाणी. तासातली वीस मिनिटं नुसती बसण्यात. रूममेट फोनवर म्हणाला, “अरे, लेव्हल वाढवताना कोण किती ताकदवान हे बघायचंच नसतं. कोणाला कमी वेळा बसावं लागतं ते बघायचं.” मांजराला एनर्जी लागते आणि ती आपोआप भरत राहते. शिवाय मांजर होऊन लढत असताना आतला मानाही भरत राहतो. म्हणून ६० ला पोचल्यावर रेडमध्ये बहुतेक ड्रुइडना जखमा भरायचंच काम करावं लागत असलं, तरी तिथवर ते जातात मांजराच्या पायांनी. पोचल्यावर पॉइंट बदलून घेतात.

हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. वाढताना लागतं ते वेगळं आणि पोचल्यावर लागतं ते वेगळं. मी अधिकारी झाल्यावर कसा असेन त्याचा विचार करून पॉइंट टाकत होतो आणि दर दोन पावलांवर बसत होतो. प्यायला पाणी अण्णा पाठवत होते, दर महिन्याच्या पाच तारखेला.

त्याच जूनमध्ये आमचं सोयाबीन उगवलं नाही. आमचंच नाही, त्या वर्षी मराठवाड्यात ठिकठिकाणी बियाणं मातीतच सडलं. आमच्या चार एकरांना तीस किलोच्या चार बॅगा गेल्या होत्या. अण्णा सकाळी सरीत बसून बोटाने माती उकरायचे, बी बाहेर काढून दाबून बघायचे आणि काही न बोलता घरी यायचे. दुबार पेरणीशिवाय इलाज नव्हता. सोयाबीनची वेळ जुलैच्या मध्यापर्यंतच.

त्या रात्री माळवदावर मी त्यांना माझं प्रकरण समजावलं. तीन झाडं, पाच-पाच-पाच, आणि ट्रेनरकडे जाऊन सगळे पॉइंट परत घेता येतात ते. पहिल्या वेळी एक सोन्याचं नाणं, मग पाच, मग दहा, असं वाढत पन्नासपर्यंत.

“म्हणजे दुबार पेरणीच की,” अण्णा म्हणाले.

मी म्हणालो, हो, आणि आता सगळं एकाच झाडात टाकणार. एकच पीक. ते हसले. “शेतात एकच पीक घेणारा मरतो, बाबा.” मग म्हणाले, यंदा चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, तेव्हा तूर अजून लहान असते. सोयाबीन गेलं की तिला मोकळं रान मिळतं आणि ती जानेवारीपर्यंत उभी राहते. दोन्ही एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. “तुझ्यात मेन पीक कोणतं हेच नाही ना.”

मी थंडर ब्लफला जाऊन माझ्याकडच्या तीन नाण्यांतलं एक ट्रेनरला दिलं. १५ च्या १५ फेरलमध्ये. त्यातल्या फेलाइन स्विफ्टनेसच्या २ पॉइंटांनी मांजर उघड्यावर ३० टक्के जास्त वेगाने पळतं. घोडागाडीची सोय ४० ला होणार, तोवर हे फार असतं. पण पुढचे ५ पॉइंट मी मुद्दाम रेस्टोरेशनमधल्या फ्युररमध्ये टाकले. जखम भरायची तर ड्रुइडला मूळ रूपात यावंच लागतं. परत मांजर झालं की एनर्जी शून्यापासून सुरू होते. फ्युरर पूर्ण असेल तर मांजर होताच ४० मिळते. पंजा मारायला ४५ लागते, फेरलमधल्या फेरॉसिटीने ती ४० होते. म्हणजे रूप बदललं की पहिला पंजा लगेच. हे गणित जुळलं त्या दिवशी मला पूर्वपरीक्षेत आठ गुण वाढल्यासारखं वाटलं. चार ओळी, दोन ओळी.

लहानपणी सुगीत आमच्याकडे बहुरूपी यायचा. एक दिवस इन्स्पेक्टर होऊन दारात उभा, आजोबांना वॉरंट दाखवायचा; दुसऱ्या दिवशी मारुती. आम्ही पोरं मागे पळायचो. शेवटच्या दिवशी मात्र साध्या धोतरात, तोंड धुऊन यायचा आणि ओसरीवर बसून ज्वारी मागायचा. मला तो तसा आवडायचा नाही. फ्युररचे पॉइंट टाकताना तो इतक्या वर्षांनी आठवला.

जुलै हा पीक विम्याच्या अर्जांचा महिना. चुलतभावाच्या ऑनलाइन सेंटरवर रांग लागली होती आणि त्याला टायपिंग येणारा माणूस हवा होता. पुण्यात असतो तर मी याला वेळ वाया घालवणं म्हटलं असतं. सातबारा, आधार, पासबुक, पेरणीचा दाखला. संध्याकाळी अडीचशे-तीनशे रुपये हातात आणि डोकं बऱ्यापैकी रिकामं, त्यामुळे रात्री दोन तास अर्थशास्त्र व्हायचं. बँकेचे आणि कृषी सहायकाचे प्रश्नसंच मी गावातल्या एका पोरीला देऊन टाकले. तिचं मेन पीक तेच होतं. ऑगस्टपासून अण्णांचे पाच तारखेचे पैसे मी नको म्हणालो. त्यांनी कारण विचारलं नाही.

परतीच्या पावसात सोयाबीन भिजलं. जे निघालं ते काळं पडलेलं. तूर जानेवारीत घरात आली.

परीक्षा शेवटी २१ मार्च २०२१ ला झाली, तीही ऐनवेळी पुन्हा पुढे ढकलल्यावर पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली तेव्हा. मी दिली. निघालो नाही. पुढचा फॉर्म मी सेंटरवरूनच भरला. माझ्या मागे रांगेत चार जण उभे होते म्हणून फोटो जुनाच टाकला.

बैल ३८ ला आहे. बाहेरगावी जाण्याआधी गेम बंद केला, तेव्हा त्याला मूळ रूपात आणून थंडर ब्लफच्या कड्यावर उभा केला होता. घोडागाडीला दोन लेव्हल कमी. अण्णा अजून विचारतात, कितवीला.