वेलांटी

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं गाव. अक्षर कसं काढावं, हे सांगायला त्यांनी दासबोधाच्या 19व्या दशकातला पहिला समास दिला. त्याच तालुक्यात गुरुजी म्हणून मीही सुंदर अक्षराचा आग्रह धरला. एका पोराला 'पऱ्हाटी' हा शब्द 50 वेळा लिहायला लावला. 50ही वेळा चुकला, आणि दर वेळी निराळाच चुकला. बापासोबत पऱ्हाटी उपटणारं, पाकळ्या मिटलेल्या फुलातली बोंडअळी ओळखणारं पोरगं! मला तो हट्टीपणा वाटला. दोन फटके दिले. ते अजून सलतात.

आमच्याकडे अशा लेकरांसाठी कारण तयारच असतं. दिवाळीनंतर मायबाप ऊसतोडीला जातात, शाळा बुडते, म्हणून मागं पडलं. पुष्कळदा ते खरंही असतं, पण त्याच कारणाखाली डिस्लेक्सिया झाकून जातो. हे पोरगं तर रोज शाळेत यायचं.

डिस्लेक्सियात बुद्धी शाबूत असते. शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षराशी जोडणं जड जातं. त्यात आपली लिपी. 'कि' म्हणताना तोंडात आधी क येतो, कागदावर मात्र वेलांटी आधी बसते. र तर सूर्यात डोक्यावर, चक्रात पायाशी, पऱ्हाटीत मधेच लटकलेला. भ आणि म, घ आणि ध यांच्यात फरक एवढ्याशा गाठीचा. ज्याला हे आपसूक जमलं, त्याला त्यातली चढण दिसत नाही. मला दिसली नव्हती.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली. दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण त्याला प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राला तपासण्या, तपासण्यांना शहराचे हेलपाटे, आणि प्रत्येक हेलपाट्याला एक बुडालेली रोजी.

कागद येईपर्यंत वर्गात हात बांधून बसायचं कारण नाही. परातीत वाळू घ्यावी, बोटानं अक्षर गिरवावं, गिरवताना मोठ्यानं म्हणावं. धडा दोस्तानं वाचून दाखवावा. सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नये. हे मला कळलं तोवर ते पोरगं चौथी सोडून गेलं होतं.

गुरुजी, बाई, तुमच्याही वर्गात लाल शाईनं भरलेली एखादी वही असेल. पुढची फुली मारण्याआधी त्या लेकराला जवळ बसवा आणि तोच प्रश्न तोंडी विचारा.