साडेतेरा तासांचा रस्ता

200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडला, साडेतेरा तास मिळतात. 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. एकाच हंगामात ही चारही अंतरं पूर्ण केली की सुपर रँडोनर हा किताब मिळतो. हे आकडे मला लवकरच पाठ झाले. पण त्यासाठी पुण्यात सराव कुठे करायचा आणि कुणाबरोबर, हे विचारायला लागले की डोकं गरगरायचं. एक म्हणे, सिंहगड चढत राहा, बाकी काही करू नका. दुसरा म्हणे, नवख्या माणसाने सिंहगडाच्या वाटेला जाऊच नये, सोलापूर रोडने सरळ निघायचं, यवतपर्यंत जाऊन परत. तिसऱ्याचं म्हणणं, बोपदेव घाट लागोपाठ वर-खाली केला की दुसरं काही लागत नाही. तिघेही जुने, तिघांनीही लांबच्या राईड्स केलेल्या. ऐकायचं कुणाचं?

बीआरएम ही शर्यत नव्हे. सगळ्यांत आधी पोचलेला आणि वेळ संपायला दोन मिनिटं असताना पोचलेला, दोघांची नोंद सारखीच. पद्धत मूळची फ्रान्सची. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची 1,200 किलोमीटरची राईड 1891 मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली. आता ती दर चार वर्षांनी होते आणि तिला जायचं तर आधी याच चार अंतरांच्या राईड्स पुऱ्या कराव्या लागतात. आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या छत्राखाली गावोगावचे क्लब त्या भरवतात. हंगाम नोव्हेंबरपासून धरतात. हेल्मेट, पुढे-मागे दिवे, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं. वाटेत ठरलेल्या कंट्रोलवर ठरलेल्या वेळेत पोचून कार्डावर नोंद करायची. कंट्रोल सोडून मधे कुठेही मदतीची गाडी चालत नाही. सायकलवाल्यांत नाशिकच्या महाजन बंधूंचं आणि नागपूरच्या अमित समर्थांचं नाव आदराने निघतं. त्यांनी पूर्ण केलेल्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’त मागे गाडी असते, गाडीत आपली माणसं असतात. बीआरएममध्ये पंक्चर आपणच काढायचं, पाणी आपणच शोधायचं, रस्ता आपणच वाचायचा. मला ओढ लागली ती ह्याचीच.

मग मी गणित मांडलं. साडेतेरा तासांत 200 म्हणजे ताशी 15 च्या आसपास. ऐकायला अगदीच सोपं. पण हे घड्याळ चहाच्या टपरीवर थांबत नाही. सायकल ताशी 20 ने चालली तरी 10 तास चाकावर जातात, आणि खाणं, पाणी, पंक्चर, सिग्नल, कपडे बदलणं ह्या सगळ्याला मिळून साडेतीन तास उरतात. आमच्या भागात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, 600 पर्यंत सगळं केलेले. त्यांच्या हॅंडलबारच्या पिशवीत एक छोटी वही असते. तीत वेग नाहीच. गावाचं नाव, पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, बस. मी विचारलं, “काका, वेग का नाही लिहीत?” तर म्हणाले, “अगं, पेडल मारताना कुणी मागे पडत नाही. टपरीवर पडतात. तू रस्ता निवडताना आधी बघ, कुठे थांबावं लागतं आणि कुठे थांबता येतं.”

त्या दिवसापासून गोंधळ उलगडायला लागला. तिघांचे तीन रस्ते मी ह्या एका प्रश्नावर तपासले.

सिंहगड. गोळेवाडीच्या नाक्यापासून वर वाहनतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा सलग चढ, काही वळणं अशी की सगळ्यांत हलका गिअरसुद्धा जड वाटतो. पायांत ताकद आणायला ह्यासारखा घाट जवळपास नाही. पण रविवारी सकाळी आठनंतर खडकवासल्याच्या चौपाटीपासून गाड्यांची रांग लागते आणि उतरताना वळणावळणावर समोरून जीप येते. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, उजाडता उजाडता, हा घाट उत्तम. लांबच्या राईडचा सराव म्हणून मात्र अपुरा, कारण तासाभरात चढून झाला की घरी परतायचंच असतं.

सोलापूर रोड सपाट. हडपसर मागे पडलं, लोणी काळभोर, उरुळी कांचन ओलांडलं की न थांबता चालवत राहायची सवय इथे होते. ह्या रस्त्याच्या दोन गोष्टी नकाशा सांगत नाही. एक वाऱ्याची. फेब्रुवारी उलटला की दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. सकाळी पूर्वेला जाताना सगळं छान असतं, आणि थकून परतताना तोच वारा छातीवर येतो. म्हणून उन्हाळ्यात हा रस्ता दुपारच्या आत संपवायचा. दुसरी गोष्ट उसाची. बीआरएमचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण एकाच सुमारास सुरू होतो. पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या चाललेल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. सायकलचा दिवा पडून पडून किती लांब पडणार! ट्रॉली दिसते तेव्हा ती हाताच्या अंतरावर असते. कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ती वजनकाट्यावर घेऊच नये, असं मला कळकळीने वाटतं. त्याने फक्त सायकलवाले वाचतील असं नाही. रात्री दुचाकीवरून घरी जाणारा गावातला मुलगाही वाचेल.

बाकीच्या रस्त्यांचं म्हणाल तर, मुंबईकडचा द्रुतगती मार्ग सायकलला बंद आहे. लोणावळ्याला जुन्या रस्त्यानेच जायचं. पिरंगुट-पौडवरून ताम्हिणीचा रस्ता देखणा, पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे सायकल नेऊ नये.

माझा जीव जडला तो सासवडच्या फेरीवर. कात्रजचा जुना घाट चढून जुन्या बोगद्यातून पलीकडे, शिंदेवाडी, खेड शिवापूर, कापूरहोळ. तिथे उजवीकडे भोर, डावीकडे नारायणपूर. डावीकडे वळलं की हायवेचा आवाज पाच मिनिटांत विरतो. केतकावळ्याच्या बालाजी मंदिरापुढे चढ सुरू होतो, पुरंदरचा डोंगर समोर येऊन उभा राहतो. नारायणपूरला दत्तमंदिरापाशी पाणी, चहा, केळी, सगळं मिळतं. मग सासवड, आणि तिथून चांबळी-भिवरीवरून तिसऱ्याने सांगितलेला बोपदेव घाट उतरून कोंढवा. ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात. त्यात दोन दमदार चढ आहेत, थोडा हायवे, बराचसा गावांतून जाणारा शांत रस्ता, आणि आल्या वाटेने परत येणं नाही. सातारा रस्त्याने परतायचं नसल्यामुळे नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतारही टळतो. अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन तिथे वारंवार अपघात होतात, तिथे सायकल न नेलेलीच बरी. सासवडहून दिवे घाटानेही उतरता येतं, पण तिकडे रहदारी जास्त, आणि आषाढी वारीत माउलींची पालखी त्याच घाटाने वर चढते, तेव्हा तो रस्ता वारकऱ्यांचा.

थांब्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती, कारण सांगणारे सगळे पुरुष होते. बाईला रस्ता निवडायचा तर आधी स्वच्छतागृह बघावं लागतं. पुरुष झाडामागे जाऊन दोन मिनिटांत परत येतो. आम्हाला पेट्रोल पंप शोधावा लागतो, तिथे कुलूप असलं तर किल्ली कुणाकडे आहे ते विचारावं लागतं, किल्लीवाला जेवायला गेलेला असतो. वीस मिनिटं गेली. त्याहून वाईट म्हणजे, हा त्रास नको म्हणून बायका पाणीच कमी पितात, आणि उन्हात तीन-चार तासांनी पायांत गोळे येतात, डोकं दुखायला लागतं. मी आता प्रत्येक रस्त्यावरची चांगली स्वच्छतागृहं लिहून ठेवते, कुठलं किती वाजता उघडतं त्यासकट. सातारा रस्त्यावर शिरवळपर्यंत फारशी अडचण येत नाही. आतल्या रस्त्यांवर एखाद्या घरी विचारावं लागतं, आणि आजवर एकाही घराने नाही म्हटलेलं नाही. एका आजींनी तर जाताना ताकाचा पेला हातात ठेवला होता.

सोबतीचा शोध ह्याहून अवघड गेला. पुण्यात रविवारी पहाटे रस्त्यावर इतके गट दिसतात की वाटतं, कुठल्याही एकात शिरावं. पण गटागटात फरक. काही वेगाचे. चाकाला चाक लावून तीसच्या पुढे जातात, पुढचा दमला की मागचा पुढे येतो. ह्यामागे साधं शास्त्र आहे: वेग दुप्पट केला तर हवा कापायला आठपट शक्ती लागते, म्हणून पुढच्याच्या आडोशाला राहणाऱ्याची बरीच दमछाक वाचते. पण त्यासाठी पुढच्या चाकापासून वीतभर-हातभर अंतर राखत, ब्रेक न दाबता सरळ रेषेत चालवता यायला हवं. नवख्याने ते दोघा-तिघांत शिकावं, वीस जणांच्या रांगेत नव्हे. काही गट मिसळीचे. चाळीस किलोमीटर, मग तासभर मिसळ, फोटो, गप्पा. त्यात वाईट काहीच नाही. कितीतरी लोक सायकलवर आले ते ह्या मिसळीमुळेच. मात्र साडेतेरा तासांच्या राईडला लागणारी सवय तिथे लागत नाही.

मी आता कुठल्याही गटाला दोनच गोष्टी विचारते. घाटमाथ्यावर शेवटच्या माणसासाठी थांबता का? आणि थांबलात तर तो आल्यावर त्याला श्वास घेऊ देता, की तो पोचला रे पोचला की बाकीचे निघतात? ह्या दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात. सगळ्यांत जास्त विश्रांतीची गरज ज्याला असते, त्यालाच ती सगळ्यांत कमी मिळते, आणि दोन-तीन रविवारांनंतर तो यायचा बंद होतो. बायकांच्या बाबतीत हे फार होतं. काकांच्या गटात सगळ्यांत मागे कायम एक जुना माणूस ठरलेला असतो, त्याला स्वीप म्हणतात. त्याच्यामागे कुणीही राहायचं नाही. घाटमाथ्यावर शेवटचा पोचला की त्याची पाच मिनिटं तिथून मोजायला सुरुवात होते. “ताई, बसा, पाणी प्या, घाई नाही,” हे वाक्य मी चाळिशी ओलांडल्यावर, कात्रजच्या माथ्यावर, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलाकडून ऐकलं, आणि पुढच्या रविवारी तिथेच जायचं हे ठरून गेलं.

ह्याच गटात मी पंक्चर काढायला शिकले. नारायणपूरच्या अलीकडे मागचं चाक बसलं. मी नवीन ट्यूब घालायला निघाले तर काकांनी हात धरला. “थांब. आधी गुन्हेगार शोध.” टायर बाहेर काढून त्यांनी आतून रुमाल फिरवायला सांगितला, हळूहळू, पूर्ण गोल. एका ठिकाणी रुमालाचा धागा अडकला. बाहेरून काही म्हणता काही दिसत नव्हतं. आत नखाच्या टोकाएवढी पोलादी तार, केसासारखी बारीक. हायवेच्या कडेला ट्रकचे फुटलेले टायर पडलेले असतात ना, त्यांच्या आतल्या ह्या तारा. गाड्या सगळा कचरा कडेला ढकलतात आणि आपण सायकलवाले त्याच पट्टीतून जातो. तार न काढता नवीन ट्यूब घातली असती तर ती पुढच्या गावापर्यंतही टिकली नसती. तेव्हापासून माझ्या पिशवीत दोन ट्यूब, लिव्हर, पंप ह्यांच्याबरोबर भुवयांचा चिमटाही असतो.

रस्ते शोधण्याची आणखी एक वाट सापडली. क्लब बीआरएमचे मार्ग आधीच जाहीर करतात. प्रत्यक्ष भाग घ्यायचा नसला तरी ते मार्ग अभ्यासासारखे आहेत. कंट्रोल कुठे ठेवलाय, तिथे काय मिळत असेल, घाट सुरुवातीला घेतलाय की शेवटी, ह्या सगळ्यामागे कुणाचा तरी विचार असतो. मोबाइलवरचा हीटमॅप फक्त एवढंच सांगतो की ह्या रस्त्याने पुष्कळ लोक जातात. ते का जातात आणि किती वाजता, हे त्याला माहीत नसतं. मी 200 चा एखादा मार्ग घेते आणि त्याचे तुकडे करते. एका रविवारी खंबाटकी चढून सुरूर फाट्यापर्यंत. दुसऱ्या वेळी सायकल गाडीवर टाकून थेट वाईला जायचं आणि पसरणीचा दहा-बारा किलोमीटरचा घाट चढून पाचगणी. दोन्ही तुकडे ओळखीचे झाले की सलग केल्यावर ते परके वाटत नाहीत.

ह्या नोव्हेंबरात 200 ला नाव घालायचं ठरलं आहे. मार्ग साताऱ्याकडचा असेल तर माझ्या वहीत खेड शिवापूर, शिरवळ, सुरूर असे तीन थांबे लिहिलेले आहेत, प्रत्येकी पंधरा मिनिटांचे, फक्त शिरवळला वीस. घरून राजगिऱ्याच्या वड्या, भिजवून कोरडे केलेले मनुके, मीठ-साखर-लिंबाचं पाणी. माझ्याबरोबर शेजारच्या इमारतीतल्या दोघी आहेत. त्यांतल्या एकीने अजून साठच्या वर सायकल चालवलेली नाही. येत्या रविवारी आम्ही तिघी आणि स्वीपला तो मुलगा, कापूरहोळवरून सासवडची फेरी करणार आहोत. पहाटे पाचला निघायचं, म्हणजे उजाडता उजाडता कात्रजच्या माथ्यावर पोचू.