आगगाडी गेल्यानंतरची वाट

पुण्यात सायकल चालवणारा माणूस निम्मं लक्ष कानांत ठेवून असतो. मागून येतंय ते काय आहे, रिक्षा की बस की वाळूचा ट्रक, ते डावीकडे दाबणार की सरळ जाणार, हे मान न वळवता ओळखायचं असतं. मी कॉलेजात जायची तेव्हा हे कसब अंगवळणी पडलेलं होतं, आणि पुण्याला सायकलींचं शहर म्हणताना कुणी हसत नसे. पुढे स्कूटरी वाढल्या, मग मोटारी वाढल्या, आणि माझी निळी लेडीज सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. साठीला टेकल्यावर फ्रान्समध्ये, बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांतून पुन्हा सायकलवर बसले तेव्हा पाय लगेच सरावले. कानांना मात्र काही कामच उरलं नाही आणि ते बेचैन झाले. मी उगाचच मागे वळून बघत होते. मागे नवरा होता. त्याच्या मागे काहीच नव्हतं.

लेक ल्योंला असतो. भाड्याच्या सायकली तिथल्या साध्या रेल्वेत चढवून आम्ही शालाँला उतरलो आणि जवळच्या जिव्री गावापासून दक्षिणेला निघालो. जिव्री ते क्ल्युनी हा 44 किलोमीटरचा मार्ग 1997 साली खुला झाला. फ्रान्समधली ही पहिली ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट. पुढे ती माकाँच्या दिशेनं वाढवली. 2004 पासून अशा वाटांना तिथल्या वाहतूक नियमांत स्वतंत्र जागा आहे: पायी चालणाऱ्यांनी यावं, सायकलवाल्यांनी यावं, घोडेस्वारांनीही यावं, इंजिनवाल्यांनी येऊ नये. (आमच्या सायकलींना चढावर मदत करणारी बॅटरी होती. ती चालते. साठीतल्या माणसांना कायदा जरा मऊ लागतो.)

ही वाट मुळात सायकलींसाठी आखलेली नाही. डांबराखाली आगगाडीचा भराव आहे. 1879 साली शार्ल द फ्रेसिने या बांधकाममंत्र्यानं, आपल्या भाषेत सांगायचं तर तालुक्या-तालुक्याला रेल्वे पोचवण्याचा आराखडा मंजूर करून घेतला, आणि त्या काळात फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून रूळ पसरत गेले. लोखंडी रुळावर लोखंडी चाक चढाला घसरतं. म्हणून तेव्हाच्या इंजिनिअरांनी टेकडी आली की ती खोदली, खोलगट भाग आला की भराव घातला, आणि दोन्ही परवडत नसेल तिथे लांबलचक वळसा घेतला. शंभर मीटर पुढे जाताना दोन-तीन मीटरहून जास्त चढायचं नाही, एवढी काळजी त्यांनी वाफेच्या इंजिनासाठी घेतली. तिचा फायदा माझ्या गुडघ्यांना झाला.

वाटेवर थोड्या थोड्या अंतरानं एक बसकं घर लागतं. दोन खोल्या, कौलं, दारासमोर भाजीचा वाफा, आणि कुठेकुठे भिंतीवर अजून फाटकाचा क्रमांक. ही फाटकवाल्यांची घरं. बहुतेक ठिकाणी फाटकाचं काम बाई करायची. नवरा रुळांच्या दुरुस्तीवर, आणि बायको घरातून उठून दर गाडीला फाटक लावणार, उघडणार, पुन्हा चुलीपाशी जाणार. मोबदला म्हणून राहायला ते घर आणि वर किरकोळ पगार. अशा एका घराशेजारच्या बाकावर बसून आम्ही पाव आणि शेळीच्या दुधाचं चीज खाल्लं. आतून रेडिओचा आवाज येत होता. रस्ता आडवा जातो तिथे आता सायकलवाल्यानं थांबायचं असतं. पूर्वी रस्ता गाडीसाठी थांबायचा. नवऱ्याला हा न्याय पटला नाही आणि पुढच्या दोन-तीन फाटकांवर त्यानं ते मला पटवूनही दिलं.

या वाटेवरची शांतता मला आवडली, पण ती फुकट आलेली नाही, हेही तिथेच लक्षात आलं. मोठ्या रेल्वे कंपन्या मिळून 1938 साली एक सरकारी रेल्वे कंपनी झाली, आणि तोट्यातल्या फाट्यांवरच्या उतारूगाड्या एकेक करून बंद होऊ लागल्या. महायुद्धानंतर उरलेल्यांची पाळी आली. खेड्यातली म्हातारी ज्या गाडीनं बाजाराला जात होती ती गेली, तिच्या जागी बस आली, मग बसही आठवड्यातून ठरावीक दिवशी येऊ लागली. सरकारी रेल्वे कंपनी होण्याच्या थोडंच आधी, 1936 साली, लेओं ब्लूमच्या सरकारनं कामगारांना पहिल्यांदा दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली होती, आणि कारखान्यांतली जोडपी टँडेम सायकलीवर सामान बांधून समुद्राकडे निघाली होती. त्यांना हिरवी वाट लागली नाही. रस्तेच मोकळे होते. आगगाडी आणि सायकल, दोघींनाही पुढे मोटारीनं मागे सारलं. आज हरलेल्या एकीची जागा हरलेल्या दुसरीला मिळाली आहे, इतकंच.

क्ल्युनीच्या बाजूला तर हे अगदी डोळ्यांसमोर घडतं. पॅरिस ते ल्यों वेगवान गाडीचा मार्ग 1981 साली सुरू झाला आणि तो या गावाच्या जवळूनच जातो. गाडी इथे थांबत नाही. तिचं जवळचं स्टेशन माकाँच्या बाहेर, शेतात. क्ल्युनीच्या जुन्या स्टेशनावर सायकली थांबतात आणि गाडी मात्र बाजूनं सूंकन निघून जाते, याचं मला हसूही आलं आणि विदर्भातली शकुंतलाही आठवली. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर. कापसासाठी टाकलेली ती चिमुकली रेल्वे बंद पडली तरी तिथले लोक अजून ती परत मागतात. त्यांना तुमच्या रुळांवर छान सायकल-वाट करू, असं सांगायला जायची माझी तरी हिंमत नाही. हिरवी वाट सुंदर वाटते ती गाडी नसली तरी ज्यांचं अडत नाही त्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांना.

तरीही एका गोष्टीसाठी तिथल्या लोकांचं कौतुक करावंच लागेल. रूळ उचलल्यावर ती चिंचोळी पट्टी त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी विकून टाकली नाही. एकदा मध्ये कुणाचं गोदाम उभं राहिलं असतं तर सगळी लांबी वाया गेली असती. हे शहाणपण क्ल्युनीनं जरा महागात शिकून घेतलं असावं. 910 साली स्थापन झालेल्या तिथल्या मठाचं चर्च 187 मीटर लांब होतं, आणि रोमचं आताचं सेंट पीटर्स बांधलं जाईपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं दुसरं नव्हतं. क्रांतीनंतर मठ विकला गेला आणि घेणाऱ्यांनी त्याची दगडखाण केली. आज एका बाजूचा उंच भाग आणि काही मनोरे उरलेत. नेपोलियनच्या काळात त्याच आवारात सरकारी घोड्यांच्या पागा उभ्या राहिल्या. गावातून सायकल हातात धरून चालताना कुठल्या घराच्या भिंतीत मठाचा दगड असेल, हा खेळ नवरा बराच वेळ खेळत होता.

क्ल्युनीच्या पुढे ब्वा क्लेरचा बोगदा लागतो, 1.6 किलोमीटर लांब. बाहेर उन्हानं मान भाजत असताना आत शिरलं की अंगावर शहारा येतो. स्वेटर हाताशी ठेवावा. हा बोगदा हिवाळ्यात बंद असतो, कारण तेव्हा तिथे वटवाघळं झोपलेली असतात. सायकलवाल्यांनी त्या महिन्यांत डोंगरावरून जावं. गाडीची जागा सायकलला मिळाली खरी, पण भाडेकरार वर्षाचा नाही.

आता तक्रार. निव्वळ वाहनमुक्त वाटेवर सबंध दिवस काढला की कंटाळा येतो, आणि हे कुणी सांगत नाही. रेल्वेला गावाच्या मध्यात शिरायचं नसतं. ती बाजूनं जाते, आणि वाटही तशीच बाजूनं जाते. दोन्हीकडे झाडी माजलेली, खोदकामातून जाताना तर फक्त उतार दिसतात. चर्चचा मनोरा दिसतो, चर्च दिसत नाही. पाववाल्याचं दुकान कुठे आहे ते कळत नाही, आणि कळलं तर सोमवार असतो आणि ते बंद असतं. पाणी संपलं तर गावच्या दफनभूमीत शिरावं, तिथे फुलांसाठी नळ असतो, ही युक्ती लेकानं सांगितली होती. पण त्यासाठी आधी वाट सोडावी लागते.

म्हणून क्ल्युनीच्या बऱ्याच अलीकडे, सँ-जाँगू गावाच्या पुढे, मी वाट सोडली होती आणि शापेझ या खेड्याकडे जाणारा साधा डांबरी रस्ता धरला होता. चढउतार, पांढऱ्या शारोले गाई, आणि शापेझचं अकराव्या शतकातलं चर्च, गावाच्या मानानं भलताच उंच मनोरा असलेलं. नवरा नाइलाजानं मागोमाग आला. एका चढावर मागून गाडीचा आवाज आला. पुण्याचे कान टवकारले. गाडी जवळ आली नाही. वळणापर्यंत ती आमच्या वेगानं, म्हणजे बैलगाडीच्या वेगानं, मागे रांगत राहिली आणि समोरचा रस्ता दिसू लागल्यावर पलीकडच्या अर्ध्या भागातून पुढे गेली. गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवण्याचा तिथे नियम आहे. पण नियम आपल्याकडेही बरेच आहेत. मला त्या चढावर जे सुख मिळालं ते हिरव्या वाटेवर मिळालं नव्हतं. तिथे गाडीच नव्हती; इथे गाडी होती आणि ती थांबली.

नवऱ्याला हे मुळीच मान्य नाही. “अगं, एकानं थांबवली म्हणून दुसरा थांबवेल कशावरून?” त्याचं म्हणणं असं की विश्वास ठेवायला लावणारा रस्ता हा चांगला रस्ताच नव्हे. त्याच्या बाजूनं बोलायला साक्षीदारही पुष्कळ होते: मागच्या डब्यात नातवंडं बसवून पॅडल मारणारी आजी, हातांनी चालवायच्या तीनचाकीवरचा एक तरुण, नुकतीच आधाराची चाकं काढलेली, नागमोडी जाणारी एक मुलगी आणि तिच्यामागे अजिबात न ओरडणारा बाप. या मंडळींना शापेझच्या चढावर मी नेणार नाही, हे मला कबूल करावं लागलं. पण मग मला तरी खालच्या वाटेवर का नेता?

पुढच्या खेपेसाठी तोडगा निघालाय. सँ-जाँगूला फाटा फुटायचा. तो सामान घेऊन सरळ वाटेनं कॉर्माताँला जाईल, मी शापेझवरून फिरून येईन, आणि तिथल्या राजवाड्याजवळ जेवायला भेटायचं. अट एकच, आणि ती फ्रान्सची आहे: दोनच्या आत पोचायचं. दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं, मग तुम्ही कुठल्याही रस्त्यानं आलेले असा.