डावीकडे वळणारा चेंडू

टेक्सासचे बेन होगन ऐन तारुण्यात व्यावसायिक गोल्फपटू झाले. पण एकट्याच्या बळावरचे पहिले विजेतेपद त्यांना १९४० साली, सुमारे दहा वर्षांनी लाभले. मधल्या काळात पैसे संपल्याने त्यांना घरी परतावे लागे. फटका दूर जाई, मात्र चेंडू अखेरीस डावीकडे वळून झाडीत शिरे.

दोष मैदानाला देणे सोपे होते. होगन यांनी तो स्वतःच्या हातांत शोधला. (हिशेब जुळेना की आधी आपलीच नोंद तपासतात, तसे.) चेंडूला लागताना काठीचे मुख तिच्या मार्गाच्या मानाने डावीकडे मिटते, हे त्यांनी ओळखले. मग डाव्या हाताची पकड किंचित डावीकडे सरकवली. स्विंग वरच्या टोकाशी पोहोचताच डावे मनगट जरासे मागे वाकवले. बदल एवढासाच, अंगवळणी पाडायला मात्र तासन्‌तास सराव.

फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांच्या मोटारीला बसची भीषण धडक बसली. १९५० च्या जूनमध्ये, मेरियन येथील यूएस ओपनमध्ये, दुखऱ्या पायांनी ते एकाच दिवसात ३६ होल चालले. बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी आणखी १८ होल खेळून ते जिंकले. पाय पूर्वीचे नव्हते. स्विंग मात्र त्यांची राहिली होती.