हत्ती, गाढव आणि आम्ही

निवडणुकीचं वर्ष आलं की मंडळाच्या कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत एक प्रश्न हमखास येतो : "मग, तुम्ही कोणाकडचे?" लग्नात मुलाकडचे की मुलीकडचे असं विचारतात, अगदी तसाच! आम्हां उभयतांना याचं उत्तर एका शब्दात कधीच देता आलेलं नाही.

आमची मतं म्हणजे खिचडीच. अंथरूण पाहून पाय पसरावेत, सरकारनेसुद्धा, असं आम्हांला वाटतं. छोट्या धंदेवाल्याला कागदपत्रांत गाडू नये, पोलिसांना मान असावा, हेही पटतं. इथवर आम्ही हत्तीवर, म्हणजे रिपब्लिकन. पण बंदूक भाजीसारखी मिळू नये, आजारपणापायी कोणाचं घर विकलं जाऊ नये, शाळेत कोणाच्याच देवाची सक्ती नसावी, हेही तितकंच मनापासून वाटतं. म्हणजे हत्तीवरून उतरून डेमोक्रॅटांच्या गाढवावर! (आपल्याकडे गाढवावर कोणाला बसवतात ते वाचकांना ठाऊक आहेच.)

बरं, उपकार स्मरावेत तर तेही दोघांचे. आपल्यासारख्यांना दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने; त्यावर सही डेमोक्रॅट लिंडन जॉन्सन यांची. एच-वन-बी व्हिसा आला १९९० च्या कायद्याने. त्यावर सही रिपब्लिकन थोरल्या बुश यांची. आणि दोन्ही कायद्यांना मतं दोन्ही पक्षांची.

आमची सवयच वेगळी. आम्ही वाढलो ते काँग्रेस, जनसंघ, समाजवादी, शेकाप, कम्युनिस्ट अशा गर्दीत. 'रिपब्लिकन' म्हटलं की बाबासाहेबांच्या अनुयायांचा पक्ष आठवणार. आणि गंमत म्हणजे १९५२ साली बाबासाहेबांच्या फेडरेशनचं चिन्हही हत्तीच होतं! १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्र समितीने एरवी न पटणाऱ्या पक्षांची मोट बांधून लढवली. २०१९ साली तर निवडणूक झाल्यावर तीन पक्षांची आघाडी जमली. म्हणजे तिकडे आधी पक्ष, मग आघाडी.

इथे १९९२ साली रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मतं मिळाली शून्य. बहुतेक राज्यांत जो पहिला येईल त्यालाच सगळं. तिसऱ्याने पानावर बसायचं कुठे? म्हणून इथली आघाडी पक्षाच्या पोटातच होते. सौम्य, जहाल, कंजूष, उदार, सगळे एकाच छपराखाली भांडतात, आणि त्या भांडणाचा निकाल लागतो प्रायमरीत.

आणि आमच्या पेनसिल्व्हेनियात खरी मेख इथेच आहे. 'कोणताच पक्ष नाही' अशी नोंदणी केलेल्याला प्रायमरीत उमेदवार निवडता येत नाही. स्कूल बोर्डाचे उमेदवार मात्र दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत उभे राहू शकतात. दोन्हीकडे जिंकले की नोव्हेंबरात नुसता उपचार उरतो. एका वर्षी आमच्या गावात शाळेतला वाद्यवृंद बंद करावा की घरपट्टी वाढवावी, असा वाद पेटला होता. निकाल मे महिन्यातच लागला. शेजारची कितीतरी आपली माणसं, ज्यांची मुलं त्याच शाळेत व्हायोलिन वाजवत होती, 'आम्ही कुठल्याच पक्षात नाही' म्हणून त्या दिवशी घरी बसून होती.

आम्ही काय केलं? नोंदणीचा अर्ज पुढ्यात आला तेव्हाच ठरवलं : एकाने हत्ती घ्यायचा, एकाने गाढव. कोणी काय घेतलं ते गुलदस्तात! प्रायमरीच्या आदल्या रात्री दोन्ही मतपत्रिकांचे नमुने जेवणाच्या टेबलावर पसरतात आणि प्रत्येक नावावर खल होतो. आमच्या घरातली आघाडी ती हीच. नोव्हेंबरात मात्र दोघंही मोकळे. तिथे कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला मत देता येतं.

मुलीने एकदा विचारलं, "पण मग आपण नक्की कोण?" आम्ही म्हटलं, "बाळ, पक्ष म्हणजे काही आपलं आडनाव नव्हे. ज्या खोलीत निर्णय होतो, त्या खोलीचं ते दार आहे."

तेव्हा मंडळी, तुमचीही मतं खिचडी असतील तर बिचकू नका. आपल्या राज्याचा नियम मात्र बघून ठेवा. तो राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सीत पक्ष नसलेल्याला प्रायमरीच्या दिवशीसुद्धा पक्ष निवडता येतो. आमच्याकडे नोंदणी बदलायची तर पंधरा दिवस आधी. तेवढी तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवाच.